रंगूबाईच्या लाकडाला लावलेला बोल

रंगूबाईनं डोक्यावरचा भारा उतरवायला हात वर नेले, तेवढ्यात केसरीनाथ दुकानातूनच म्हणाला, "उतरवू नको. आणलास तसा परत ने."

केसरीनाथचं दुकान निजामपुऱ्यात, लूमच्या गल्लीच्या तोंडाशी. शोभेचे मासे, काचेच्या टाक्या, रंगीत खडे, माशांचं खाणं, असा सगळा पसारा. दिवसभर आजूबाजूला लूमचा खडखडाट चालू असतो, टाक्यांतलं पाणीसुद्धा बारीक थरथरत असतं, आणि त्यात ते मासे मजेत फिरत असतात. भिवंडीत राहायचं तर माशांनाही आवाजाची सवय करून घ्यावी लागते.

रंगूबाईनं भारा उतरवलाच. डोंगराखालच्या पाड्यावरून खारबावच्या नाक्यापर्यंत चालत आणि तिथून रिक्षात पायाशी दाबून आणलेलं ओझं कुणाच्या सांगण्यावरून ती परत डोक्यावर घेईल, हे शक्यच नव्हतं. तिनं चुंबळ सोडली, पदरानं मान पुसली आणि विचारलं, "का रं?"

तिच्या वारली बोलीत मोठ्याला वेगळं आणि लहानाला वेगळं असं काही नसतं. तहसीलदार असो नाहीतर देव, सगळ्यांना सरसकट 'तू'. केसरीनाथला दोन वर्षांत त्याची सवय झाली होती. आज मात्र ते त्याला टोचलं.

"मासे मेले," तो म्हणाला. "वळ गावच्या भरतशेठचे. बारातले अकरा गेले. तुझ्या लाकडानं. सकाळी फोनवर त्यांनी माझी अशी काढली म्हणतेस, समोरच्या टपरीवाल्यानं पण ऐकली."

"माज्या लाकडानं?"

"मग काय माझ्या? मी सांगून टाकलं, शेठ, आमचा माल तसा नसतो, हे लाकूड जंगलातल्या एका कातकरणीनं आणून दिलेलं, तिनंच कसलं तरी विषारी झाड घुसवलं असणार. तुम्हा लोकांना सवयच आहे ना, ओढ्यात विष टाकून मासे धरायची."

आता या एका वाक्यात त्यानं किती दिवे लावले ते बघा. पहिलं म्हणजे रंगूबाई कातकरी नाही, वारली आहे. दोन वर्षं तिचा माल विकून या माणसाला एवढंही माहीत नव्हतं. दुसरं, हेच लाकूड त्याच्या दुकानात इतके दिवस 'मलेशिया वूड' म्हणून विकलं जात होतं. छापील चिठ्ठी होती, त्यावर ताडाच्या झाडाचं चित्र. गिऱ्हाइकानं वाहवा केली की लाकूड मलेशियाचं, आणि मासे मेले की लगेच जंगलातल्या बाईचं. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट, पण ती कळायला रंगूबाईचं आयुष्य थोडं माहीत असावं लागतं.

रंगूबाईची आई सोमी. पाड्यावर लाकडाचं काही असलं की सोमीला विचारायची पद्धत. घराच्या मेढीला कुठलं, नांगराला कुठलं, बाळंतिणीच्या खोलीत शेकोटीला कुठलं जाळायचं आणि कुठलं जाळलं तर पोराच्या डोळ्यांना पाणी येतं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण झाडाच्या नुसत्या वासावरून त्याचं कूळ सांगायची. आणि मासे धरायच्या औषधाचंही तिलाच विचारायचे. गेळाची फळं कुटून डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक. पण कुठल्या डोहात टाकायचं, किती टाकायचं, अंडी धरलेली मासळी असते तेव्हा मुळीच टाकायचं नाही, हे सोमी ठरवायची. आणि टाकायच्या आधी खालच्या अंगाच्या पाड्यांना सांगून यायचं. गुरं सोडू नका, पाणी भरू नका, आज डोह मारणार आहोत. न सांगता पाण्यात विष टाकणाऱ्याच्या घरी पाड्यावरचं कुणी पाणी पीत नसे. एकाशी तसं झालं होतं. त्याच्या मुलीच्या लग्नाला माणूस फिरकला नाही.

रंगूबाई हे बघत मोठी झाली. लग्न होऊन लडकूकडे आली, पावसाळ्यात शेतीची कामं, उन्हाळ्यात वीटभट्टी, मग वळच्या गोदामांत खोकी उचलायची ड्युटी. त्या गोदामात एका पावसाळ्यात ती पाय घसरून पडली, कंबर धरली, आणि मुकादमानं दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई घेतली. तेव्हापासून ती रानभाजी घेऊन निजामपुऱ्यात बसायची. शेवळं, कंटोळी, कधी करवंदं. एकदा ऊन टाळायला म्हणून केसरीनाथच्या दारात उभी राहिली आणि आतल्या काचेत पाण्याखाली ठेवलेलं एक वेडंवाकडं लाकूड बघून तिला हसू फुटलं. "ह्ये तं आमच्या वढ्यात पडलंय किती. ह्ये लोक घरात ठेवतात?"

केसरीनाथनं कान टवकारले. पुढच्या बाजाराला ती एक मूळ घेऊन आली, आणि असा धंदा सुरू झाला.

पण दिसलं लाकूड आणि उचललं, असं तिनं कधी केलं नाही. हिरव्याला ती हातच लावत नसे. ओहोळात पडून तीन पावसाळे पाणी खाल्लेलं, साल आपणहून सुटलेलं, उन्हानं हाडासारखं पांढरं पडलेलं मूळ ती शोधायची. मग नख रुतवून बघायची. नख आत गेलं की ते कुजकं, चुलीत. मोडल्यावर चीक येतो ते कुठलंच झाड नको, मग ते रुई असो की शेर. निंब नको, करंज नको, बिब्ब्याच्या तर सावलीलाही नको. खाडीच्या बाजूला पडलेलं कितीही देखणं असलं तरी ते मीठ पिऊन बसलेलं, गोड्या पाण्यात सोडत राहतं. आणि शहराच्या नाल्यांत वाहत आलेल्या लाकडाला ती पायानंसुद्धा शिवायची नाही, कारण त्यात कापडाच्या रंगाचं पाणी मुरलेलं. जांभळाचं मूळ, पेरूचं, बोरीचं, चिंचेचं, यांच्यावर तिचा विश्वास. घरी आणलं की अर्ध्या कापलेल्या पिंपात उकळायचं. पाणी चहासारखं लाल होतं, ते ओतायचं, पुन्हा उकळायचं. आणि शेवटी अंगणातल्या सिमेंटच्या नांदीत ते लाकूड ठेवून ओहोळातली बोटाएवढी तीन मासळी त्यात सोडायची. आठ दिवस ती तिन्ही खेळती राहिली तरच लाकूड बाजारात. एकानं जरी मान टाकली तरी ते चुलीत जायचं, मग ते कितीही सुंदर असो.

मासे कशानं मरतात हे जिला माहीत, तिलाच ते कशानं मरणार नाहीत हेही माहीत असणार. एवढी साधी गोष्ट. पण केसरीनाथनं तीच गोष्ट उलटी फिरवून तिच्या तोंडावर मारली. न सांगता दुसऱ्याच्या पाण्यात विष टाकणारी बाई, असं तो सोमीच्या लेकीला म्हणाला होता.

रंगूबाई ओरडली नाही. तिनं भारा पुन्हा बांधला आणि म्हणाली, "मी बघून येते. मंग तुझ्याशी बोलते."

"काय बघून येतेस? भरतशेठच्या दारात जाऊ नको, माझं उरलंसुरलं नाव घालवशील."

"तुझं नाव माज्या लाकडावर कदी होतं रं?" ती म्हणाली आणि निघाली.

घरी लडकूला सांगितलं तेव्हा तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "जावं दे. मोठी लोकं हायत. दुसरं दुकान बघू." लडकू भला माणूस, पण जन्मभर त्यानं 'जावं दे' हेच केलं. मुकादमाला जावं दे, भट्टीवाल्याला जावं दे. रंगूबाईला या दोन शब्दांचा मनापासून वीट आला होता.

"दुसऱ्या दुकानात मी काय सांगू? मीच ती मासं मारनारी, लाकूड घे?"

तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. रस्त्यानं येताना तिच्या मनात पाल चुकचुकली होती. ते मूळ जांभळाचंच होतं ना? ओहोळाच्या वळणावरचं, तीन फाटे फुटलेलं. त्याच्याच शेजारी गेळाचं झुडूप आहे. पुरात एखादी काटकी येऊन मुळात अडकली असेल तर? तिच्या नजरेतून सुटली असेल तर? केसरीनाथला तिनं ताठ मानेनं उत्तर दिलं होतं, पण स्वतःला कसं देणार? त्या मुळाचाच उरलेला तुकडा तिच्या अंगणात होता. तिनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला, वास घेतला, जिभेवर ठेवला. तुरट लागला, जांभळासारखा तुरट. तरीही तिनं नांद घासून धुतली, तो तुकडा आत ठेवला आणि ओहोळावरून तीन मासळी आणली. दोन दिवस ती नांदीपाशीच बसून राहिली. लडकूनं भाकऱ्या थापल्या, आणि त्या त्याला बऱ्या जमल्या हे कबूल केलं पाहिजे.

तिन्ही मासळी खेळती राहिली. तिसऱ्या सकाळी रंगूबाईनं साडीचा काष्टा घट्ट ओढला आणि वळचा रस्ता धरला.

वळला आता शेतं शोधावी लागतात. एकीकडे गोदामं, दुसरीकडे गोदामं, आणि मधे कंटेनरची रांग. भरतशेठचा बंगला त्या सगळ्याच्या मागे, पांढरा शुभ्र, गेटवर सिंहाची दोन तोंडं. भरतशेठ म्हणजे इथलाच, शेतकऱ्याच्या घरातला. त्याच्या बापानं जमिनीच्या तुकड्यावर लूम टाकले, तीस वर्षं चालवले. भरतशेठनं ते लूम भंगारात काढून गोदामं बांधली. माणूस वाईट नव्हता, पण त्याला बरीच वर्षं 'तुमचं चुकलं' असं कुणी म्हटलेलं नव्हतं. अशानं माणसाची एक प्रकारे गैरसोयच होते.

वॉचमननं हिंदीत विचारलं, कुठे निघालीस.

"माजं लाकूड हाय आत," रंगूबाई म्हणाली. "त्याला बघाया आली."

वॉचमनला हे काही समजेना. तो हसला, मग हाकलायला लागला. रंगूबाई गेटसमोरच्या फरशीवर मांडी घालून बसली. कंटेनरवाल्यांनी हॉर्न मारले, ती हलली नाही. शेवटी वरच्या गॅलरीतून एका बाईनं वाकून विचारलं, "कोण आहे हो?" ती स्नेहा, भरतशेठची सून. फिशटँक घरात आणायचा हट्ट तिचाच. माशांना खाऊ घालणं, पाणी बदलणं, सगळं तीच करायची, आणि मासे मेले तेव्हा घरात रडलेलीही ती एकटीच.

"ते लाकूड मी दिलेलं," रंगूबाईनं खालून सांगितलं. "तुझं मासं माज्या लाकडानं मेलं म्हनतात. मला बघू दे. खरं असंल तं मी माज्या तोंडानं सांगून जाईन."

स्नेहानं गेट उघडायला लावलं.

दिवाणखान्यात भिंतभर लांबीची टाकी होती. आत रंगूबाईचं तीन फाट्यांचं मूळ उभं होतं, आणि खरं सांगायचं तर ते इतकं झोकात दिसत होतं की तिलाच क्षणभर ओळखू आलं नाही. वरच्या कोपऱ्यात एकच केशरी मासा पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होता. बारातला उरलेला एक.

रंगूबाई मुळाकडे न बघता आधी वाकून पाण्याच्या वरच्या अंगाकडे आडवं बघायला लागली. खिडकीतलं ऊन पाण्यावर पडलं होतं आणि त्यावर निळ्याजांभळ्या रंगाचा एक पातळ तवंग हलत होता. निजामपुऱ्यातल्या गटारांवर असतो, हुबेहूब तसाच.

"ह्ये माजं न्हाय," ती म्हणाली. "लाकूड पानी लाल करतं, असं तेलकट करत न्हाय. मागं काय हाय?"

तेवढ्यात भरतशेठ आतून आला. अंगात बनियन, हातात मोबाइल. "ही कोण? हिला आत कुणी घेतलं?"

रंगूबाईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं कोपरापर्यंत हात टाकीत घातला, मुळाच्या मागच्या फाट्यांत चाचपलं आणि नायलॉनच्या दोरीनं बांधलेली एक गुळगुळीत, निमुळती वस्तू ओढून वर काढली. मग दुसरी. मग तिसरी. लूमचे धोटे. ज्यातून धागा जाऊन कापड विणलं जातं ते लाकडी धोटे, टोकांना लोखंड, आणि ते लोखंड गंजायला लागलेलं.

"ते खाली ठेव," भरतशेठचा आवाज चढला. "माझ्या वडिलांचे आहेत ते. आमच्या पहिल्या लूमचे."

आता या माणसाचीही बाजू बघा. सगळे लूम भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले तेव्हा त्यानं हे तीन धोटे बाजूला काढले होते. बापाच्या हातातले. कपाटात ठेवले तर कोण बघणार, म्हणून घरात सगळ्यांत दिमाखाच्या जागी, म्हणजे टाकीत, त्यानं ते स्वतः मुळाच्या आडोशाला बांधले. मासे त्यांच्यामधून इकडून तिकडे जातील, धाग्यासारखे. चांगले घासूनपुसून, साबणाची पावडर लावून धुतलेही होते. भिवंडीतल्या माणसालाच असं सुचू शकतं, आणि चूकसुद्धा भिवंडीतल्या माणसाचीच. लूमवर तीस वर्षं चाललेलं लाकूड. रोज तेल, रोज ग्रीस. ते लाकूड आतपर्यंत तेल पिऊन बसलेलं असतं, वरून साबण लावून काय होणार?

रंगूबाईनं एक धोटा नाकाशी नेला आणि त्याच्यापुढे धरला. "वास घे."

"मला शिकवू नको. घट्ट लाकूड आहे ते, शिसवीसारखं. त्यातून काही सुटत नाही. सुटलं ते तुझ्या त्या जंगली मुळातून."

"बरं," रंगूबाई म्हणाली. "मंग असं कर. बादली आन."

स्नेहानं आणली. रंगूबाईनं ती राखेनं घासायला लावली, साबण लावू दिला नाही. बोअरचं ताजं पाणी भरलं. टाकीतलं आपलं मूळ उचलून बाहेर अंगणात नेलं, तीन वेळा धुतलं, आणि ते बादलीत उभं केलं. हवेची नळी आत सोडली. आणि मग तो धापा टाकणारा केशरी मासा ओंजळीत घेऊन ती भरतशेठसमोर उभी राहिली.

"ह्यो तुझा शेवटचा. मी माज्या लाकडाबरूबर सोडते. उद्या मेला तं मी साऱ्या निजामपुऱ्यात बोंबलून सांगीन, मी सोमीची पोर, मी पान्यात ईख टाकलं. लाकडाला पुन्ना हात लावनार न्हाय. पन जगला, तं तू बोलायचं. कबूल हाय?"

हे काही शहाणपणाचं नव्हतं. मासा आधीच अर्धमेला होता, तो कशानंही मेला असता. रंगूबाईलाही ते माहीत होतं. ओंजळीत त्याच्या कल्ल्यांची फडफड तिला लागत होती. पण दुसरा उपाय तिच्याकडे नव्हता, आणि 'जावं दे' म्हणून परत जायचं नव्हतं.

भरतशेठ मोबाइलकडे बघू लागला. स्नेहाच म्हणाली, "कबूल."

रंगूबाईनं मासा सोडला. तो एका अंगावर कलला, बुडाशी गेला आणि मुळाच्या फाट्यात जाऊन बसला. रंगूबाई मागे वळून न बघता पाड्यावर परतली.

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर यायच्या आत ती पुन्हा गेटवर हजर. या खेपेला वॉचमननं काही विचारलं नाही, गेट उघडून बाजूला झाला. त्याच्या तोंडावर हसू होतं, त्यावरून तिला काय ते कळलं, तरी स्वतः बघायला ती थेट बादलीपाशी गेली. बादलीत मासा मुळाच्या फाट्यांतून फेऱ्या मारत होता. स्नेहा बादलीशी उकिडवी बसली होती. "सकाळी खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "स्वतःहून वर आला."

भरतशेठ सोफ्यावर बसला होता. त्याच्यासमोर वर्तमानपत्रावर ते तीन धोटे ठेवलेले, आणि कागदावर तेलाचे तीन लांबट डाग पसरलेले. तो त्या डागांकडेच बघत होता. रंगूबाईनं एक धोटा उचलला, पदराच्या टोकानं पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"बापाची वस्तू हाय. कोरड्यात ठेव. जन्मभर तेल प्याली ती, तिला आता पानी कशाला पाजतोस?"

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "झालं ते झालं. चहा घे. आणखी दोन लाकडं आणून दे, मी सांगतो केसरीनाथला."

"चहा मंग," रंगूबाई म्हणाली. "आदी फोन कर. त्या दिशी केलास तसाच."

"सांगतो ना नंतर."

"आता. माज्या म्होरं."

सुनेसमोर, वॉचमनसमोर, एका वारली बाईच्या सांगण्यावरून फोन लावायचा. त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं दिसत होतं. पण कागदावर तीन डागही दिसत होते. त्यानं फोन लावला. "हां केसरीनाथ. ते मासे... लाकडात काही दोष नव्हता. आमचंच चुकलं. लूमचे धोटे होते टाकीत, त्याचं तेल."

"नाव घे," रंगूबाई म्हणाली.

"काय?"

"मासं मेलं तवा त्यो म्हनाला, जंगलातली बाई. आता मासा जगला तवा नाव घे."

भरतशेठनं फोन कानापासून थोडा लांब धरून विचारलं, "नाव काय तुझं?" तिनं सांगितलं. "रंगूबाईच्या लाकडात दोष नव्हता," तो फोनमध्ये म्हणाला. मग तिनं चहा घेतला. साखर जास्त होती, पण तिनं तो सगळा प्यायला, आणि उठताना मूळ टाकीत परत कसं ठेवायचं ते स्नेहाला सांगितलं. टाकी आधी रिकामी करायची, मिठानं घासायची, तेलाचा वास गेल्याशिवाय पाणी भरायचं नाही. "लाकूड मी त्या माशासाठी ठेवते," ती म्हणाली. "तुझ्या सासऱ्यासाठी न्हाय."

पुढच्या बाजाराच्या दिवशी भारा डोक्यावर घेऊन ती निजामपुऱ्यात आली तेव्हा केसरीनाथ दारात येऊन उभा राहिला. तो ओशाळला होता, आणि ओशाळला की तो फार बोलतो. "ये ये, रंगूबाय. अगं, मला पहिल्यापासून शंका होती, त्या शेठ लोकांचं काही खरं नसतं. ठेव, ठेव माल. चांगली जागा केलीय तुला."

चांगली जागा म्हणजे काचेच्या कपाटाचा खालचा खण. तिथे तिची आधीची दोन मुळं होती आणि त्यांवर चिठ्ठ्या होत्या. ताडाच्या झाडाचं चित्र रंगूबाई चांगलं ओळखत होती. तिनं भारा खाली ठेवला नाही.

"ती चिट्ठी काढ."

"अगं, धंद्याची पद्धत असते ती. मलेशिया म्हटलं की माणूस हात लावून बघतो. तुला काय फरक पडतो?"

"मेलं तवा मलेशियाला फोन केलास?"

केसरीनाथनं चिठ्ठ्या फाडल्या, एक कोरा पुठ्ठा घेतला, मार्करनं काहीतरी लिहिलं आणि लाकडांच्या वर चिकटवलं. रंगूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं रस्त्यावरून जाणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीला हाक मारली. "काय लिवलंय गं त्यावर?"

मुलीनं वाचलं, "लोकल लाकूड."

"लोकल कोन हाय?" रंगूबाईनं केसरीनाथला विचारलं. भारा अजून तिच्या डोक्यावरच होता, मानेवर घाम उतरत होता, आणि कमरेचं जुनं दुखणं ठणकत होतं. पण ती हलली नाही. लूमच्या गल्लीतले दोघेतिघे कामगार शिफ्ट संपवून चालले होते, तेही मजा बघायला थांबले. मुलगी हसली. केसरीनाथनं पुठ्ठा उलटा केला आणि पुन्हा लिहिलं. मुलीनं न विचारताच वाचलं, "रंगूबाईचं लाकूड."

"पुन्ना वाच."

तिनं पुन्हा वाचलं. मग रंगूबाईनं भारा उतरवला.

ती मुळं मांडत होती तेवढ्यात एक जोडपं दुकानात शिरलं. नवीन घर, नवीन टाकी, बाईच्या हातात मोबाइलमध्ये टाकीचा फोटो. तिनं एक बोरीचं मूळ उचललं, पाटी वाचली, आणि केसरीनाथला विचारलं, "हे टाकलं तर मासे मरणार नाहीत ना?"

केसरीनाथनं सवयीनं तोंड उघडलं. मलेशियाचं, पाण्याच्या आंबटपणाचं, सगळं त्याच्या जिभेवर तयारच असायचं. मग त्याची नजर रंगूबाईकडे गेली आणि तो थांबला.

"मला नका विचारू," तो म्हणाला. "तिला विचारा."

बाई वळली. रंगूबाईनं ते मूळ तिच्या हातातून घेतलं, नख लावून दाखवलं, वास घ्यायला तिच्या नाकापुढे धरलं आणि म्हणाली, "बोरीचं हाय. पंधरा दिस पान्यात ठेव, पानी लाल व्हईल, घाबरू नको, वतून दे. मंग मासं सोड. आनि ऐक, घरातलं दुसरं कायबी त्यात टाकू नको, मंग ते बापाचं असलं तरी."